विश्वस्त बिनपगारी आहेत, हा दोष नव्हे

अमेरिकेत एखादी चार्टर प्राथमिक शाळा हिशेबातल्या घोळामुळे बंद पडली की पुढचे निदान जवळजवळ ठरलेले असते. विश्वस्त मंडळावर कोण होते ते पाहा, असे सांगितले जाते : एक दंतवैद्य, एक विमा एजंट, दोन पालक, एक निवृत्त शिक्षिका. दिवसभराचे काम आटोपून महिन्यातून एका संध्याकाळी जमणारी ही माणसे. मानधन एक पैशाचे नाही, शिक्षणशास्त्राचा अभ्यास नाही, लाखो डॉलरचा ताळेबंद वाचायची सवय नाही. मग शाळा बुडणार नाही तर काय? या निदानातून उपायही आपोआप निघतो. कारभार हौशी लोकांच्या हातून काढून व्यवस्थापन कंपन्यांकडे किंवा मोठ्या शाळा-साखळ्यांकडे द्यावा, आणि मंडळ ठेवायचेच असेल तर त्यावर वकील, बँकर, सल्लागार अशी जाणकार मंडळी बसवावीत. हा युक्तिवाद शहाणपणाचा वाटतो आणि तो पूर्णपणे खोटाही नाही. पण ज्या घोटाळ्यांच्या आधारावर तो उभा केला जातो, तेच घोटाळे नीट तपासले तर त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. मंडळे निकामी ठरण्याचे कारण सदस्यांच्या बिनपगारी असण्यात सापडत नाही. ते सापडते त्यांच्या अवलंबित्वात. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याच्याकडूनच त्यांना माहिती मिळत होती, पुष्कळदा नेमणूकही त्याच्याच पुढाकाराने झालेली होती. आणि ज्यांनी त्यांना जाब विचारायचा ते पालक दाराबाहेर होते.

आधी या मंडळांचे काम काय ते पाहू. चार्टर शाळा खासगी नसते. तिथे फी नाही, पैसा करदात्यांचा, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढून प्रवेश. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला चार्टर कायदा केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात ‘सिटी अकॅडमी’ ही पहिली शाळा उघडली. २०२१च्या सुमारास देशात अशा सुमारे ७,८०० शाळा होत्या आणि त्यांत सुमारे ३७ लाख मुले शिकत होती. मूळ सौदा असा की सरकारी नियमांच्या जंजाळातून शाळेला बरीच मोकळीक द्यायची आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षांच्या सनदेत कबूल केलेले निकाल मागायचे. ते दिले नाहीत तर सनद रद्द. अमेरिकेतल्या नेहमीच्या सार्वजनिक शाळांवर जिल्ह्याच्या निवडून आलेल्या शिक्षण मंडळाची सत्ता असते. चार्टर शाळेत ती जागा एका ना-नफा संस्थेच्या विश्वस्त मंडळाने घेतली. अंदाजपत्रक मंजूर करणे, मुख्याध्यापक नेमणे आणि वर्षअखेर त्यांचे काम जोखणे, इमारतीचा भाडेकरार करणे, लेखापरीक्षकाचा अहवाल स्वीकारणे, मुलाला शाळेतून काढण्याचे नियम ठरवणे ही सारी कामे या पाच-सात-नऊ माणसांची. दोन-तीनशे मुलांच्या प्राथमिक शाळेत पालकांच्या दृष्टीने सरकार म्हणतात ते हेच. असे सरकार कुणी नेमले, हा प्रश्न त्यातल्या माणसांच्या पदव्यांपेक्षा आधी विचारायला हवा.

आता पुरावा. अमेरिकी शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१६ मध्ये सहा राज्यांतल्या ३३ चार्टर शाळांची तपासणी केली. या सगळ्या शाळांचा कारभार व्यवस्थापन संस्थांशी बांधलेला होता. त्यांतल्या २२ शाळांमध्ये या संबंधातून आलेल्या अंतर्गत नियंत्रणाच्या त्रुटी आढळल्या : हितसंबंधांचा गुंता, आपसातल्याच संस्थांशी केलेले व्यवहार, आणि पैसे मागणारा व मंजूर करणारा यांच्यातली पुसट झालेली रेघ. ही शाळा-शाळांतल्या हौशी गोंधळाची यादी नाही. जिथे व्यावसायिक संस्था आधीच हजर होती तिथली ही यादी आहे. म्हणजे जो उपाय म्हणून सुचवला जातो, त्याचीच लक्षणे अहवालात रोग म्हणून नोंदली गेली आहेत. या संबंधाचा क्रमही पुष्कळदा उलटा असतो. कागदावर मंडळ कंपनीला कामावर ठेवते. प्रत्यक्षात कंपनी आधी येते, सनदेचा अर्ज तयार करते, मग मंडळासाठी नावे शोधते. सभेची कागदपत्रे कंपनीचे कर्मचारी तयार करतात, खर्चाचे आकडे कंपनीच्या संगणकातून येतात, मुख्याध्यापकाचा पगारही काही वेळा कंपनीच देते. अशा टेबलाभोवती बँकर बसवा नाहीतर दंतवैद्य बसवा, समोर आलेल्या कागदापलीकडे दोघांनाही सारखेच दिसते.

ओहायोमधला खटला या बाबतीत सगळ्यात बोलका आहे. ‘व्हाइट हॅट’ या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडे या खटल्यातल्या दहा शाळांचा कारभार होता, आणि राज्याकडून येणाऱ्या पैशांतला ९५ टक्क्यांच्या आसपासचा वाटा करारानुसार तिच्याकडे जात होता. २०१० मध्ये या शाळांच्या मंडळांनीच कंपनीला न्यायालयात खेचले. आमच्या पैशांचा हिशेब द्या, आणि त्या पैशांतून घेतलेली बाके, संगणक, सामान आमचे आहे, अशी त्यांची मागणी होती. २०१५ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर विश्वस्तासारखी जबाबदारी येते हे मान्य केले, पण सामानाच्या बाबतीत करार उचलून धरला. सार्वजनिक पैशातून कंपनीने घेतलेल्या वस्तू शाळांना हव्या असतील तर त्या शाळांनी तिच्याकडून विकत घ्याव्यात, हे कलम वैध ठरले. विरोधक इथे बोट ठेवतील : पाहा, अशा करारावर सही करणारे मंडळ अडाणीच म्हणायचे. पण करार करताना शाळांचे स्वतःचे वकील होते, हेही न्यायालयाने विचारात घेतले होते. कायद्याचे ज्ञान खोलीत हजर होते. उणीव होती ती सौदा नाकारण्याच्या ताकदीची. कंपनीला नकार दिला तर शाळा कोण चालवणार, शिक्षक कुणाचे, इमारत कुणाची, या प्रश्नांची उत्तरे मंडळाकडे नव्हती. तरी पुढे कंपनीविरुद्ध उभे राहण्याचे धैर्य कुणी दाखवले? त्याच मंडळांच्या सदस्यांनी.

तज्ज्ञतेने लूट थांबते हा समज कॅलिफोर्नियातल्या ‘ए३’ प्रकरणाने पुरता खोटा ठरवला आहे. २०१९ मध्ये सॅन डिएगोच्या सरकारी वकिलांनी ऑनलाइन चार्टर शाळांच्या एका जाळ्यावर आरोपपत्र ठेवले. राज्याकडून या शाळांनी ४० कोटी डॉलरच्या घरात रक्कम उचलल्याचा आरोप होता आणि अकरा जणांवर खटला भरला गेला. उन्हाळी क्रीडा शिबिरांत आलेल्या मुलांची नावे पटावर घालायची आणि त्यांच्या डोक्यामागे मिळणारे सरकारी अनुदान घ्यायचे, ही त्यातली एक युक्ती. दोन मुख्य सूत्रधारांनी २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला. हा बेत रचणारी माणसे शालेय अर्थकारणातली मुरलेली मंडळी होती. अनुदानाचे सूत्र, हजेरीचे नियम आणि सनद देणाऱ्या यंत्रणेच्या फटी त्यांना तोंडपाठ होत्या. हौशी माणसाला हे जमलेच नसते. ज्ञान हे साधन आहे. ते कुणाच्या बाजूने वापरले जाईल हे त्या माणसाला उत्तर कुणाला द्यावे लागते यावर ठरते.

उलट बाजूचा पुरावाही अमेरिकेतच आहे. मिनेसोटाने सुरुवातीच्या कायद्यात मंडळावर शिक्षकांचे बहुमत सक्तीचे केले होते. २००९ नंतर ती अट बदलली, पण निवडणूक ठेवली. आज तिथल्या मंडळावर किमान एक शिक्षक, एक पालक आणि समाजातली एक व्यक्ती असावी लागते, आणि मतदान पालक व शाळेतले कर्मचारी करतात. नव्या सदस्याने ठरावीक मुदतीत कारभार, नोकरीविषयक कायदे आणि अर्थव्यवहार यांचे प्रशिक्षण पूर्ण केले नाही तर तो सदस्यत्वाला अपात्र ठरतो. मॅसॅच्युसेट्समध्ये चार्टर शाळेच्या विश्वस्तांना कायद्याने विशेष राज्य कर्मचारी मानले जाते, म्हणून हितसंबंधांचा कायदा त्यांना लागू होतो आणि आर्थिक हितसंबंध जाहीर करावे लागतात. त्यासाठी त्यांना पगार द्यावा लागलेला नाही. शिकागोत तर चार्टर नसलेल्या सार्वजनिक शाळांमध्ये १९८८च्या सुधारणा कायद्याने स्थानिक शाळा परिषदा आल्या. सहा पालक, दोन रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक अशी सुरुवातीची रचना. परिषद चार वर्षांच्या कराराने मुख्याध्यापक निवडते आणि शाळेचा खर्चाचा आराखडा मंजूर करते. कामगार वस्त्यांतल्या आयांनी मुख्याध्यापकांच्या मुलाखती घ्याव्यात ही कल्पना तेव्हा पुष्कळांना हास्यास्पद वाटली होती. मतदानाच्या पद्धतीवर १९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आक्षेप घेतला, ती दुरुस्त झाली, आणि परिषदा टिकल्या. सामान्य पालकांना सत्ता पेलवत नाही म्हणणाऱ्यांनी या तीन दशकांचा हिशेब द्यायला हवा.

पहिला आक्षेप इथेच येतो आणि तो वजनदार आहे. निवडणुका आल्या की राजकारण येते, मतदानाला कुणी फिरकत नाही, संघटित गट मंडळ बळकावतात. जिल्हा शिक्षण मंडळांच्या याच रोगापासून सुटका म्हणून चार्टर शाळा निघाल्या, मग तोच रोग पुन्हा घरात का आणायचा? शिकागोतही पुष्कळ परिषदांच्या निवडणुकांत जागांइतकेसुद्धा उमेदवार उभे राहत नाहीत, हे मान्य करायला हवे. पण या आक्षेपात एक गफलत आहे. निवडणुकीचा उपयोग सर्वोत्तम माणूस निवडून आणण्यापुरता नसतो. नको असलेल्या माणसाला काढता येणे हा तिचा मोठा उपयोग. मतदान कमी झाले तरी ते होणार हे माहीत असलेला विश्वस्त पालकाच्या पत्राला उत्तर देतो. स्वतःच स्वतःचे वारसदार नेमणाऱ्या मंडळात ही भीती कधीच शिरत नाही. तिथे रिक्त जागा मित्राने भरायची, मित्राची जागा त्याच्या मित्राने, आणि दहा वर्षांनी त्या मंडळात शाळेत मूल शिकणारा एकही माणूस उरत नाही. शिवाय सगळे मंडळ निवडूनच आले पाहिजे असे नाही. काही जागा पालकांच्या मतांच्या, काही शिक्षकांच्या आणि काही नेमलेल्या जाणकारांच्या, अशी मिश्र रचना केली तर गटबाजीचा धोका आटोक्यात राहतो आणि हिशेब कळणारा माणूसही मिळतो.

दुसरा आक्षेप असा की मंडळावर लक्ष ठेवायला सनद देणारी यंत्रणा आहेच, आणि सगळ्यात कठोर परीक्षक म्हणजे पालक. शाळा आवडली नाही तर ते मूल काढून नेतील. यातल्या पहिल्या आधाराची लायकी ‘ए३’ प्रकरणानेच दाखवली. कॅलिफोर्नियात सनद देणाऱ्या जिल्ह्याला देखरेखीपोटी चार्टर शाळेच्या उत्पन्नाच्या एक टक्क्यापर्यंत, आणि जागा फुकट दिली असेल तर तीन टक्क्यांपर्यंत खर्च घेता येतो. जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पट मुले पटावर दाखवणाऱ्या ऑनलाइन शाळांना सनद देणाऱ्या एका छोट्या जिल्ह्याला त्यातून मोठीच कमाई झाली, आणि त्याच्या अधीक्षकाचे नावही आरोपपत्रात आले. राखणदाराचे पोट ज्या धान्यावर भरते त्यात खडे किती हे तो मोजत बसत नाही. दुसऱ्या आधाराचे, म्हणजे बाजाराच्या शिस्तीचे, मोजमाप स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘क्रेडो’ केंद्राने केले आहे. २०१५च्या त्यांच्या अभ्यासात ऑनलाइन चार्टर शाळांतली मुले गणितात तुलनेच्या मुलांपेक्षा १८० दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे होती, म्हणजे जवळजवळ अख्खे शालेय वर्ष वाया. वाचनात मागे पडलेले दिवस ७२. तरीही या शाळांना प्रवेश मिळत राहिले. पहिली-दुसरीतल्या मुलाचे वाचन कच्चे राहिले हे पालकाला कळेपर्यंत तिसरी उजाडते. गमावलेले वर्ष परत मिळत नाही, आणि शेजारी दुसरी शाळा असेलच असेही नाही. दार उघडे ठेवणे आणि घराचा कारभार तपासणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. न्यायाने हेही सांगायला हवे की त्याच ‘क्रेडो’च्या २०२३च्या अभ्यासात एकूण चार्टर विद्यार्थी सरासरीने वाचनात १६ आणि गणितात ६ दिवस पुढे दिसले. म्हणून हा लेख चार्टर शाळांविरुद्ध नाही. त्यांतल्या चांगल्या शाळा वाचवायच्या असतील तर त्यांच्या कारभाराला उजेडात आणावे लागेल, एवढेच म्हणणे आहे.

तिसरा आक्षेप भावनेला हात घालतो. बिचारी फुकट काम करणारी माणसे. त्यांच्यावर उघड सभा, कागदपत्रांची मागणी, मालमत्तेची विवरणे असली ओझी टाकाल तर उद्या मंडळावर यायला कोण तयार होईल? कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून खुल्या सभांचे आणि सार्वजनिक कागदपत्रांचे नियम चार्टर शाळांना निःसंदिग्धपणे लागू केले तेव्हाही हेच रडगाणे ऐकू आले. ओझे कसले? नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावायची, पालकांना बसू आणि बोलू द्यायचे, मागितले तर इतिवृत्त दाखवायचे, आणि शाळेच्या कंत्राटात स्वतःचा पैसा गुंतला असेल तर ते सांगून त्या निर्णयात हात घालायचा नाही. एवढ्या अटींवर जो सेवा नाकारतो त्याच्या सेवेवाचून शाळेचे काही अडत नाही. खरे ओझे वेगळेच आहे : पाचशे पानांचा गठ्ठा आदल्या रात्री हाती देऊन दुसऱ्या दिवशी होकार मागणे. ते हलके करायला स्वतंत्र लेखापाल लागतो, विषयपत्रिका वेळेवर लागते, प्रशिक्षण लागते. आणि पगार दिला की प्रश्न मिटतो असे वाटणाऱ्यांसाठी लॉस एंजेलिसचा दाखला आहे. तिथल्या जिल्हा शिक्षण मंडळाच्या पूर्णवेळ सदस्यांचे वेतन २०१७ मध्ये वर्षाला १,२५,००० डॉलर करण्यात आले. पुढच्याच वर्षी त्या मंडळाच्या एका सदस्याला निवडणूक निधीच्या गैरप्रकारात गुन्हा कबूल करून राजीनामा द्यावा लागला. पगाराने माणसाचा वेळ विकत घेता येतो. प्रामाणिकपणासाठी उजेड आणि जाब लागतो.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. पैसा सरकारचा आणि कारभार बिनपगारी विश्वस्तांचा ही रचना महाराष्ट्रात चार्टर शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तिला आपण अनुदानित शाळा म्हणतो. शिक्षकांचा पगार राज्य देते आणि नेमणुकीची सूत्रे संस्थाचालकांकडे असतात. याच रचनेतून १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी सुरू केलेली रयत शिक्षण संस्था वाढली, आणि याच रचनेतून एकाच घराण्याच्या मालकीसारख्या चालणाऱ्या संस्थाही निघाल्या, जिथे अध्यक्ष वडील, सचिव मुलगा, आणि धर्मादाय आयुक्तांकडे दोन गटांचे बदल अर्ज वर्षानुवर्षे पडून. बिनपगारी तर दोन्हीकडचे विश्वस्त होते. दुसरीकडे शिक्षणहक्क कायदा, २००९च्या कलम २१ने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली, तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला. पण तिच्याकडे देखरेख करण्याचे आणि शाळा विकास आराखडा सुचवण्याचे काम. शिक्षक किंवा मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकार नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ चार्टर मंडळांकडे सत्ता आहे पण पालक नाहीत. आपल्या समित्यांत पालक आहेत पण सत्ता नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही महाविद्यालय न्यासाच्या खटल्यात स्पष्ट केले, तरी संस्थेचे इतिवृत्त मागणाऱ्या पालकाकडे आजही संशयाने पाहिले जाते. २०२३च्या दत्तक शाळा योजनेने देणगीदाराचे नाव शाळेला जोडण्याची वाट उघडली तेव्हा चर्चा नावावर अडकली. देणाऱ्याला उद्या निर्णयात वाटा मिळाला तर त्याच्याकडून हिशेब कोण मागणार, हा खरा प्रश्न बाजूलाच राहिला.

म्हणून शाळेचे मंडळ जोखताना सदस्यांच्या नावापुढच्या पदव्या मोजणे सोडावे. विचारायचे ते इतकेच : यातले किती जण पालकांच्या मतावर आले आणि त्याच मतावर घरी जाऊ शकतात, मंडळाचा वकील आणि लेखापरीक्षक कंत्राटदाराहून वेगळा आहे का, कंपनीशी केलेला करार शाळा न मोडता मोडता येईल का, सार्वजनिक पैशाने घेतलेले बाक शाळेच्या नावावर आहे का, आणि सभेचे दार उघडे असते का. या प्रश्नांना होकार देणारे मंडळ दंतवैद्य आणि विमा एजंट यांचे असले तरी शाळा सांभाळील. नकार देणाऱ्या मंडळावर अर्थशास्त्रातले मोठे पंडित बसवले तरी ते सही करण्यापलीकडे काही करणार नाही. स्वयंसेवकांना हटवण्याची मागणी करणाऱ्यांनी आधी त्यांच्या हातात खरी माहिती आणि त्यांच्या मानेवर पालकांच्या मताची टांगती तलवार द्यावी. तेवढे न करता त्यांच्यावर अपयशाचा ठपका ठेवणे म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला मागच्या दाराने जाऊ देणे आहे.